आलॅं मियों आणि कॉर्टेक्स : सॅम्पलच्या पलीकडचा पियानोवादक

खर्जातला (धागाकर्ता)

रॅपर एमएफ डूमचं ‘वन बिअर’ ज्यांनी ऐकलंय, त्यांच्या कानावरून आलॅं मियोंचं संगीत गेलेलं आहे. नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. हे गाणं २००४ च्या ‘एमएम..फूड’ या अल्बममधलं. ठेका मॅडलिबने बांधलेला. त्याखाली जो तुकडा फिरत राहतो, शब्दांशिवाय गाणारा बाईचा आवाज, तो १९७५ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ‘त्रुपो ब्ल्यो’ या एलपीतला आहे. रचनेचं नाव ‘वीत ऑक्तोब्र १९७१’, म्हणजे ८ ऑक्टोबर १९७१. संचाचं नाव कॉर्टेक्स, आणि त्या संचाचा प्रमुख, संगीतकार, कीबोर्डवादक आलॅं मियों.

माझ्या ओळखीतले हिपहॉप ऐकणारे या माणसाकडे ‘ज्याचं सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) घेतलं तो’ एवढ्याच नजरेने बघतात. मला ते खटकतं, म्हणून हा धागा काढतोय. मियों आधी पियानोवादक आहे, आणि तोही एका ठरावीक घराण्याचा. ते घराणं ओळखलं की त्याची सगळी कारकीर्द एका रेषेत दिसायला लागते.

जन्म १९४७, कॅसाब्लांका. मोरोक्को तेव्हा फ्रेंचांच्या संरक्षणाखाली होता, १९५६ ला स्वतंत्र झाला. या गावात जॅझ पोचणं नवलाचं नव्हतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य तिथे उतरलं, आणि युद्धानंतरही अमेरिकेचा मोठा हवाई तळ गावाजवळ होता. मियोंच्या हातात मला सोल-जॅझ ऐकू येतं : बॉबी टिमन्स, होरेस सिल्व्हर, लेस मॅकॅन आणि मागे कुठेतरी रे चार्ल्स. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी चर्चमधलं गॉस्पेल आणि ब्लूज पुन्हा जॅझमध्ये आणलं, ती ही परंपरा. टिमन्स हा आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्समधला पियानोवादक. चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणताना मध्यमाच्या कॉर्डवरून (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गटावरून) षड्जाच्या कॉर्डवर येतात, ते उतरणं या लोकांच्या वाजवण्यात पदोपदी सापडतं. डावा हात जाड, आखूड कॉर्ड मारतो आणि उजवा हात ब्लूजची छोटी छोटी वाक्यं बोलतो. वेगाचं प्रदर्शन नाही. दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडलेली असते.

१९७४ मध्ये मियोंने ड्रमर आलॅं गांदोल्फीला बरोबर घेऊन कॉर्टेक्स उभा केला. पुढच्याच वर्षी ‘त्रुपो ब्ल्यो’ ध्वनिमुद्रित झाली, तीही दोन दिवसांत. गायिका मिरेय दाल्ब्रे, सॅक्सोफोनवर आलॅं लाबिब, बेसवर जाँ ग्रेव्हे. रेकॉर्ड काढली ‘दिस्क एस्पेरांस’ या छोट्या लेबलने. आफ्रिकन आणि कॅरिबियन संगीतासाठी ते ओळखलं जायचं. म्हणजे जॅझवाल्यांच्या दुकानात हे नाव शोधायला कुणी जाणार नव्हतं आणि पॉपवाल्यांच्या दुकानात तर नाहीच.

रेकॉर्डवर मियोंचं मुख्य वाद्य फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो. ते नीट समजून घेतलं की ऐकण्यात फरक पडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ऱ्होड्समध्ये तारा नाहीत. पट्टी दाबली की आतली हातोडी धातूच्या एका बारीक काडीवर आदळते, काडी थरथरते, आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतो तसा पिकअप ती थरथर पकडून ॲम्प्लिफायरला देतो. हलक्या हाताने वाजवलं तर सूर घंटेसारखा गोल निघतो. जोराने ठोकलं तर तोच सूर फाटतो, गुरगुरतो. आवाजाचा पोत बदलायला बटण नको, बोट पुरतं. मियों याचा फायदा एकाच ओळीत घेतो. वाक्याची सुरुवात गोल, मधला एखादा सूर मुद्दाम फाटका, आणि शेवट पुन्हा गोल. हेडफोन लावून फक्त ऱ्होड्सवर कान ठेवलात तर हे स्पष्ट कळतं.

पुढे १९७७ ला ‘व्हॉल्यूम २’ आणि १९७८ ला ‘पुर्क्वा’ आली. १९७९ ची अप्रकाशित ध्वनिमुद्रणं खूप नंतर ‘इनेदी ७९’ या नावाने निघाली. ऐंशीचं दशक उजाडता उजाडता कॉर्टेक्स थांबला. मियों थांबला नाही. न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या वादकांबरोबर त्याने स्वतःच्या नावावर अल्बम केला. नंतर पियानो-बेस-ड्रम्स अशा साध्या त्रयीत ‘सम सोल फूड’ केला. नावच सांगतं की माणूस कुठे परतलाय. माझ्या मते तो तिथून कधी निघालाच नव्हता.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः ‘त्रुपो ब्ल्यो’च्या पुढचं कुणी ऐकलं असेल तर.

डीजे_करवीर

छान धागा. वाचनखूण साठवली. पण एका मुद्द्यावर भांडणार.

‘ज्याचं सॅम्पल घेतलं तो’ या ओळखीत कमीपणा कुठे आहे? १९७५ ची ही रेकॉर्ड त्या काळात गेली कुठे ते बघा. ती परत आली कुणामुळे? जुन्या रेकॉर्डांची खोकी उपसत बसणाऱ्या डीजे लोकांमुळे. फ्रेंच समीक्षकांनी ती वर काढली नाही, जॅझ महोत्सवांनीही नाही. मॅडलिबसारख्या माणसाने ती ऐकली, त्यातला नेमका तुकडा ओळखला आणि जगापुढे ठेवला. पुढे रॅपर टायलर द क्रिएटरने ‘ऑड टॉडलर्स’मध्ये तीच रचना वापरली. मग नव्याने एलपी छापायला लेबलं पुढे आली. मूळ प्रत आता संग्राहकांमध्ये शेकडो युरोंना जाते.

मी स्वतः ठेके बनवतो. सॅम्पल शोधताना कान काय शोधतो ते सांगतो. जिथे एकाच वेळी फार वाद्यं नाहीत, जिथे आवाज एकमेकांवर चढत नाहीत, जिथे ड्रम्स कोरडे आणि जवळून आलेले वाटतात, अशी जागा. ७० च्या दशकातल्या मोठ्या स्टुडिओत केलेल्या गुळगुळीत रेकॉर्डांमध्ये ती मिळत नाही. कॉर्टेक्समध्ये जागोजागी मिळते. दोन दिवसांत, कमी पैशांत रेकॉर्ड झाली म्हणूनच ती इतकी मोकळी आहे. ‘सब्बा’ या रचनेचे तीन छोटे भाग केलेत, तेही ऐका. असे आखूड, सुटे तुकडे ठेके बांधणाऱ्याला फार उपयोगी पडतात.

खर्जातला

करवीर, मॅडलिबच्या कानाबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच की तुकडा निवडताना त्याने जे निवडलं त्यात मियोंचा पियानो मागे आहे आणि दाल्ब्रेचा आवाज पुढे. तुकड्यावरून माणूस ओळखायला गेलं की त्यातला पियानोवादक हातातून निसटतो. मूळ रचना सबंध ऐकली की आवाजाखाली कॉर्ड कसे सरकत जातात ते कळतं. लूपमध्ये, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला की, ते सरकणं थांबतं. लूपचं कामच ते आहे, तक्रार नाही.

तालमाला

मी तबला शिकवते. जॅझ फार ऐकलेलं नाही, पण हा धागा वाचून ‘त्रुपो ब्ल्यो’ सलग लावली आणि लिहायला बसले.

पहिली गोष्ट : दोन दिवसांत रेकॉर्ड झाली हे ऐकू येतं, आणि मी हे कौतुकाने म्हणतेय. ड्रमर आणि बेसवाला एकमेकांकडे बघत वाजवतायत. लय काही ठिकाणी किंचित पुढे सरकते आणि सगळे एकत्र पुढे जातात. एकेकाने वेगवेगळं येऊन कानात टिकटिक लावून वाजवलं की हे होत नाही. मैफिलीत गायक लय वाढवतो तेव्हा तबलजीला सांगावं लागत नाही, तसं.

दुसरी : ‘लांफां सांबा’ ऐकताना मला आधी सम सापडेना. मग एका विद्यार्थ्याने ब्राझीलचा सांबा समजावून सांगितला. दोन मात्रांचा ताल, आणि मोठा ढोल (सुर्दो म्हणतात त्याला) वजन देतो दुसऱ्या मात्रेवर. आपला कान पहिल्या मात्रेवर वजन शोधतो, म्हणून चुकामूक होते. एकदा दुसऱ्या मात्रेवर टाळी द्यायला लागले आणि सगळं जागेवर बसलं. सांबा माहीत नसलेल्यांनी हा प्रयोग करून बघा.

तिसरी शंका आहे. फ्रेंच लोकांकडे सांबा आला कुठून?

सांजवेळ

तालमाला ताई, ब्राझील आणि पॅरिस यांचं नातं साठीच्या दशकात घट्ट झालं. गिटारवादक बाडेन पॉवेल पॅरिसला येऊन राहिला, पिएर बारूने फ्रेंचमध्ये सांबा गायला आणि स्वतःचं ‘साराव्हा’ लेबल काढलं. सत्तरीत वाढलेल्या कुठल्याही फ्रेंच वादकाच्या कानावर हे पडलेलंच असणार.

मी फ्रान्समध्ये राहते, लियोंजवळ. एका रचनेबद्दल सांगायचंय. ‘त्रुपो ब्ल्यो’तली ‘ओतॉन (कोल्शिक)’ इथल्या प्रत्येकाला ओळखीची वाटते, कारण ती मुळात ‘कोल्शिक दां ले प्रे’ हे मुलांचं गाणं आहे. फ्रांसीन कोकेनपो यांनी चाळीसच्या दशकात स्काउटच्या मुलींसाठी केलेलं. शरद ऋतूत कुरणांवर जांभळी फुलं येतात, उन्हाळा संपल्याचं ती सांगतात, असा आशय. माझी मुलगी शाळेत सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच शिकली. चाल अगदी सोपी, मायनर स्वरात, चालत चालत म्हणायची.

कॉर्टेक्सने चालीला फार हात लावलेला नाही. खालचे कॉर्ड बदलले आणि त्याला जॅझचं अंग दिलं. मुलांच्या तोंडी असलेलं गाणं एकदम मोठ्यांच्या एकटेपणाचं वाटायला लागतं. फ्रेंच श्रोत्याला हे थेट काळजाला भिडतं, कारण शब्द त्याला आठव्या-नवव्या वर्षापासून पाठ असतात. मी इथल्या एका वयस्क शेजाऱ्यांना ही रचना ऐकवली. त्यांनी पहिल्या ओळीपासून बरोबर गुणगुणायला सुरुवात केली आणि मध्येच थबकले, कारण खालून येणारा कॉर्ड त्यांच्या ओळखीचा नव्हता.

ही रेकॉर्ड तेव्हा का चालली नाही, याचंही एक कारण इथल्या रेडिओत आहे. १९८१ पर्यंत फ्रान्समध्ये रेडिओवर सरकारचा एकाधिकार होता. सरकारी केंद्रं, आणि सीमेबाहेरून प्रसारण करणारी आरटीएल, युरोप १ यांसारखी दोन-चार मोठी. मितेराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर नोव्हेंबर १९८१ च्या कायद्याने खासगी स्थानिक केंद्रांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी पॅरिसला रेडिओ नोव्हा सुरू झाला, आणि असलं फंक, जॅझ, आफ्रिकन संगीत लावणारी जागा तयार झाली. तोवर कॉर्टेक्सचा काळ सरला होता. सहा वर्षांनी चुकामूक झाली, असं मला वाटतं.

खर्जातला

सांजवेळ ताई, रेडिओचा मुद्दा फार मोलाचा. जॅझच्या इतिहासाच्या पुस्तकांत वादकांची नावं भरपूर असतात, पण ते संगीत घराघरांत पोचणार कसं, याबद्दल फार कमी लिहिलेलं असतं. त्या काळी फ्रान्समध्ये गाजणारा प्रयोग म्हणजे क्रिस्तियाँ व्हांदेरचा माग्मा हा संच. त्यांनी स्वतःची भाषासुद्धा तयार केली होती. समीक्षकांना लिहायला तिथे विषय होता. व्हायोलिनवादक ज्याँ-ल्युक पाँटी अमेरिकेत जाऊन मोठा झाला. मियोंकडे यातलं काहीच नव्हतं. घोषणा नाही, वेषभूषा नाही. चार चांगल्या चाली, उत्तम लय आणि एक गायिका.

न्यायप्रविष्ट

गायिकेचा उल्लेख झालाच आहे तर तिथेच थांबतो. पेशाने वकील आहे, बौद्धिक संपदेची प्रकरणं बघतो.

सॅम्पल घेतलं की दोन वेगळे हक्क लागतात. एक, रचनेचा : चाल आणि शब्द ज्याचे त्याचा. दोन, ध्वनिमुद्रणाचा : त्या विशिष्ट टेपचा, जो बहुधा लेबलकडे असतो. मियोंसारख्या संगीतकाराला रचनेचा हक्क असतो, आणि फ्रान्समध्ये तो वसूल करणारी सासेम ही संस्था १८५१ पासून आहे. तिचा जन्मही वाचण्यासारखा. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत गीतकार बुर्जे बसले होते आणि वाद्यवृंद त्यांचीच रचना वाजवत होता. त्यांनी बिल द्यायला नकार दिला. माझी रचना तुम्ही फुकट वापरता, तर तुमचं पेय मी फुकट पिईन, असा त्यांचा मुद्दा. प्रकरण कोर्टात गेलं, ते जिंकले आणि त्यातून संस्था उभी राहिली.

आता ‘वीत ऑक्तोब्र १९७१’ घ्या. लोकांना आठवतो तो आवाज. शब्द नाहीत, म्हणजे गीतकार नाही. चाल मियोंची. गाणारी गायिका कायद्याच्या भाषेत ‘सादरकर्ती’. फ्रान्समध्ये सादरकर्त्यांना कायद्याने स्वतंत्र हक्क मिळाले ते १९८५ च्या लांग कायद्याने. १९७५ मध्ये माइकपुढे उभं राहणाऱ्या गायकाच्या आणि वादकाच्या हातात करारात लिहिलेलं असेल तेवढंच. ड्रमर, बेसवाला, सॅक्सोफोनवाला, सगळ्यांची हीच गत. या रेकॉर्डच्या यशाबद्दल बोलताना दाल्ब्रे यांचं नाव मियोंच्या बरोबरीने घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडची दोन प्रकरणं इथे आठवतात. २००२ मध्ये अमेरिकन गायिका ट्रूथ हर्ट्सच्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ वापरलं गेलं, संगीतकार बप्पी लाहिरी. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश दिला. दुसरं, ‘आराधना’तलं ‘बागों में बहार है’. त्याचा तुकडा एका रॅप गाण्यात वापरल्याबद्दल सारेगामाने अमेरिकेत दावा लावला. २०११ मध्ये अपील कोर्टाने जुना करार बारकाईने वाचला आणि ध्वनिमुद्रणाचा मालकीहक्क कंपनीकडे नाही असं ठरवलं. पन्नास वर्षांपूर्वी कुणी कुठल्या कागदावर सही केली, यावर आज सगळं ठरतं.

डीजे_करवीर

न्यायप्रविष्ट साहेब, हे पटलं. आणि हो, गंमत म्हणजे मॅडलिबनेच २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ काढला. अख्खा अल्बम हिंदी सिनेमासंगीताच्या तुकड्यांवर. म्हणजे ज्या कानाने कॉर्टेक्स शोधला त्याच कानाने आपल्याकडचे वादकही शोधले. तो ऐकताना व्हायोलिनचा ताफा, बोंगो, ऑर्गन सगळं ओळखीचं वाटतं, पण वाजवणारे कोण ते कुठेच लिहिलेलं नाही.

वांद्र्याची

वर करवीरने लिहिलं तेच लिहायला आले होते. माझे वडील दादर-वांद्र्याच्या वादकांमध्ये वावरलेले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही गोव्याची माणसं. सुरांची मांडणी, ब्रासचे तुकडे, गाण्यामधल्या जागा यांनी लिहिल्या. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. रेकॉर्डच्या कव्हरवर नाव संगीतकाराचं. आता कुणी परदेशात तो ब्रासचा तुकडा उचलतो तेव्हा पैसे आणि श्रेय यांच्या वारसांपर्यंत पोचण्याचा रस्ताच नाही.

या मानाने मियोंचं बरं झालं म्हणायचं. कव्हरवर संच म्हणून नाव, रचना त्याच्या नावावर, वादकांची नावंही माहीत आहेत. म्हणूनच मला खर्जातला यांचा मूळ मुद्दा जास्त पटतो. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याला तरी नावाने ऐकावं.

उत्तररात्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूविकारांच्या रुग्णांबरोबर काम करतो. ‘सम सोल फूड’ शोधताना वादकांची नावं बघितली आणि उडालोच. बेसवर स्वीडनचा पॅट्रिक बोमन आणि ड्रम्सवर रॉनी गार्डिनर.

रॉनी गार्डिनर आमच्या क्षेत्रात माहितीचं नाव आहे! हा अमेरिकन जॅझ ड्रमर स्वीडनला स्थायिक झाला आणि त्याने ताल आणि संगीतावर आधारलेली एक उपचारपद्धती तयार केली. पक्षाघात झालेल्या आणि पार्किन्सनच्या रुग्णांसाठी ती वापरतात. पडद्यावर चिन्हं दिसतात, डाव्या-उजव्या हातापायांसाठी लाल आणि निळी. प्रत्येक चिन्हाला एक बोल ठरलेला. रुग्णाने संगीताच्या लयीत तो बोल मोठ्याने म्हणायचा आणि त्याच वेळी हात किंवा पाय आपटायचा. बघणं, ऐकणं, बोलणं आणि हालचाल एकाच मात्रेवर. तालमाला ताई, आपल्याकडे विद्यार्थी तोंडाने बोल म्हणत हाताने ताल देतो, त्याच्याशी याचं साम्य तुमच्या लक्षात येईल.

आणि फेंडर ऱ्होड्सचा जन्मही रुग्णालयातलाच. हॅरल्ड ऱ्होड्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वायुदलात पियानो शिकवत होते. जखमी सैनिकांना पलंगावर पडल्या पडल्या मांडीवर ठेवून वाजवता यावा म्हणून त्यांनी बी-१७ विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून छोटा पियानो बनवला. तेच पुढे वाढत वाढत १९६५ पासून फेंडर कंपनीचा मोठा इलेक्ट्रिक पियानो म्हणून बाजारात आलं.

तालमाला

उत्तररात्र, बोल तोंडाने म्हणत शिकवणं आमच्याकडे पायाभूतच. त्या पद्धतीत लय किती ठेवतात? रुग्णाला जमेल तशी संथ, की गाण्याची मूळ लय असेल ती?

उत्तररात्र

संथ गाण्यापासून सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. मुद्दा लय चुकू नये हा नसतो, चुकली तरी पुढच्या मात्रेला परत पकडता यावी हा असतो. हे ड्रमरच्याच डोक्यातून येऊ शकतं.

निशाचर_नाशिक

मी चार दिवस धागा नुसता वाचतोय. काल रात्री दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ ऐकल्या, आधी ‘त्रुपो ब्ल्यो’, मग ‘सम सोल फूड’. खर्जातला म्हणतात तशी एक सरळ रेषा मला दिसली नाही, स्पष्ट सांगतो.

पहिल्या रेकॉर्डवर मियोंला संच बांधण्याची घाई आहे. कॉर्ड कुठे संपेल, आवाज कुठे येईल, सॅक्सोफोनने कुठे उतरायचं हे सगळं आखलेलं आहे. तो तिथे आधी संगीतकार आहे, वाजवणं रचनेच्या सेवेला. त्रयीत रचना बाजूला राहते आणि वाजवणं पुढे येतं. ऱ्होड्स गेला, साधा लाकडी पियानो आला. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला पहिलं जास्त मोठं वाटतं. सोल-जॅझ चांगलं वाजवणारे पियानोवादक अमेरिकेत ढिगाने झाले. पण त्यात सांबा, शाळेतलं गाणं आणि शब्दांशिवायचा बाईचा आवाज मिसळून ‘त्रुपो ब्ल्यो’ करणारा हा एकटा.

खर्जातला

निशाचर, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला. तरी मी माझ्या जागेवर आहे. कारण हे : ‘त्रुपो ब्ल्यो’तून सांबा काढा, सॅक्सोफोन काढा, आवाज काढा, आणि फक्त डावा हात ऐका. आखूड, जाड कॉर्ड, मात्रेच्या किंचित मागे टाकलेले. मग त्रयीची रेकॉर्ड लावा आणि पुन्हा फक्त डावा हात ऐका. तोच हात आहे. मधल्या पंचवीस वर्षांत वाद्य बदललं, साथीदार बदलले, डिस्को येऊन गेलं. डावा हात हलला नाही.

तुम्ही म्हणता तसा तो रचनाकार म्हणून पहिल्या रेकॉर्डवर मोठा आहे, हे मान्य. मात्र त्या रचना ज्या हातातून निघाल्या तो हात त्रयीत उघडा दिसतो, म्हणून मला ती रेकॉर्ड हवी असते.

निशाचर_नाशिक

डाव्या हाताचं करून बघतो. ‘व्हॉल्यूम २’ आणि ‘पुर्क्वा’ मध्ये घेऊन चारही एका क्रमाने लावेन. ‘पुर्क्वा’मध्ये फंक जास्त पुढे आहे असं करवीरने व्यनितून (खाजगी संदेशातून) सांगितलं, तिथे डावा हात बेसच्या जागेत घुसतो की नाही हे विशेष बघायचंय.

सांजवेळ

निशाचर, ‘पुर्क्वा’ ऐकलीत की गाण्यांचे शब्द इथे विचारा, मी अर्थ लिहीन. आणि ‘ओतॉन’ मूळ गाण्याशेजारी लावून ऐका. मूळ गाणं फ्रेंच शाळांच्या कुठल्याही ध्वनिफितीत मिळेल.